तांबड्या छपराची वहिवाट

सार्वजनिक इमारतीचा मालक कोण, या प्रश्नाला कायदा जे उत्तर देतो तेच उत्तर लोकही देतात असे समजून चालणारा मनुष्य नगरपालिकेच्या राजकारणात फार काळ टिकत नाही. आपल्याकडील जमीनमहसुलाच्या दप्तरांतून वहिवाट या नावाचा जो एक हक्क पिढ्यान्पिढ्या नोंदला गेला आहे, त्याच्या मुळाशी एक साधा न्याय आहे: सात-बाराच्या उताऱ्यावर नाव कोणाचेही असो, ज्याची ये-जा एखाद्या वाटेवरून दीर्घकाळ, उघडपणे आणि निर्वेध चालत आली, त्याचा त्या वाटेवर काही अधिकार उत्पन्न होतो आणि मूळ धन्याला तो सहजासहजी बुडवता येत नाही. हा न्याय रेल्वेच्या स्टेशनालाही लागू करावा असे माझे मत आहे. आणि टोकियोच्या पश्चिमेस सुमारे ३५ किलोमीटरांवर असलेल्या कुनिताची या लहानशा उपनगरी स्टेशनाची हकीकत मी त्या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे ठेवणार आहे.

टोकियोच्या मध्यातून निघून पश्चिमेकडील डोंगरांच्या दिशेने जाणारा चुओ मार्ग १८८९ च्या एप्रिलात कोबु रेल्वे या खाजगी कंपनीने शिंजुकूपासून ताचिकावापर्यंत घातला आणि १९०६ साली सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. नकाशावर हिगाशी-नाकानोपासून ताचिकावापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर हा मार्ग इतका सरळ गेलेला दिसतो की, आखणी करणाऱ्याने वाटेतल्या गावांची आणि खातेदारांची मुळीच दखल घेतली नसावी असे वाटावे. आणि खरे पाहता त्या काळी मुसाशीच्या पठारावर दखल घेण्याजोगे फारसे काही नव्हतेही. कोकुबुंजी आणि ताचिकावा या दोन स्टेशनांच्या दरम्यान तर केवळ झाडी होती. तिच्या दक्षिणेस, जुन्या कोशू हमरस्त्याच्या आश्रयाने वसलेल्या याहो गावचे शेतकरी या झाडीतून सरपण आणि खतासाठी पालापाचोळा नेत असत, आणि यापलीकडे त्या जमिनीचा दुसरा उपयोग कोणाच्या मनात आलेला नव्हता. सदतीस वर्षे आगगाड्या या झाडीतून न थांबता जात राहिल्या. (चुओ मार्गावरच्या अतिजलद गाड्या आजही कुनिताचीला थांबत नाहीत, त्या कोकुबुंजीला थांबून एकदम ताचिकावा गाठतात. रेल्वेच्या वेळापत्रकाची स्मरणशक्ती कधी कधी इतिहासकारापेक्षा अधिक चिवट असते.)

या स्थितीत पालट झाला तो १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने. टोकियो आणि योकोहामा ही दोन नगरे ज्या आगीत होरपळून निघाली, तिच्यात कांदा भागातील हितोत्सुबाशी येथे असलेल्या टोकियो वाणिज्य विद्यापीठाच्या इमारतींचीही वाताहत झाली. विद्यापीठाचे प्रमुख झेन्साकु सानो यांनी दाट वस्तीच्या बाहेर, मोकळ्या हवेत नवे आवार वसवावयाचे ठरवले. आणि नेमकी अशीच संधी शोधत असलेला एक गृहस्थ त्यांना भेटला. यासुजिरो त्सुत्सुमी हे त्याचे नाव. शिगा प्रांतातला शेतकरी घराण्यातला हा मनुष्य पुढे सेइबु रेल्वेचा धनी म्हणून आणि १९५३ साली जपानी प्रतिनिधिगृहाचा सभापती म्हणून विख्यात झाला. पण त्या वेळी त्याची मुख्य ओळख होती ती १९२० साली स्थापन झालेल्या हाकोने भूमी कंपनीचा चालक अशी. डोंगरातील आणि रानातील जमीन एकरांच्या भावाने घ्यावी, तिच्यावर रस्ते आखावेत, एखाद्या विद्यालयाला तेथे आणून बसवावे आणि मग तीच जमीन घरांच्या भूखंडांच्या भावाने विकावी, हा त्याचा व्यवसाय होता. याहोच्या झाडीतली सुमारे आठशे एकर जमीन अशा रीतीने नगररचनेखाली आली.

जर्मनीतील गॉटिंगेनच्या धर्तीवर हे विद्यानगर योजले होते असे सांगतात. ते काही असो, आखणी भव्य होती यात संशय नाही. स्टेशनापासून दक्षिणेकडे जवळजवळ ४४ मीटर रुंदीचा सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना विद्यापीठाचे आवार, आणि स्टेशनासमोरच्या वर्तुळाकार चौकातून आग्नेयेस व नैर्ऋत्येस फुटणारे आणखी दोन तिरपे रस्ते, त्यांतल्या नैर्ऋत्येकडच्या रस्त्याच्या टोकाशी स्वच्छ दिवशी फुजी पर्वत दिसतो म्हणून त्याचे नावच फुजिमी ठेवलेले. परंतु रस्ता कितीही रुंद असला तरी आगगाडी थांबल्यावाचून गिऱ्हाईक येत नाही. तेव्हा कंपनीने स्वखर्चाने स्टेशन बांधले, ते रेल्वे मंत्रालयाला बक्षीस देऊन टाकले, आणि १ एप्रिल १९२६ रोजी तेथे पहिली गाडी थांबली. कोकुबुंजी आणि ताचिकावा या दोन्ही नावांतले पहिले चिनी लिपीतले अक्षर घेऊन स्टेशनाचे नाव ठेवण्यात आले. ज्या वस्तीसाठी ते ठेवले ती वस्ती अजून व्हावयाचीच होती.

इमारत लाकडी, आकाराने बेताची. पण तिच्यावर तांबड्या कौलारू रंगाचे, उंच निमुळते, दोन्ही पाखी सारख्या नसलेले त्रिकोणी छप्पर आणि दर्शनी भिंतीत अर्धवर्तुळाकार खिडक्या. युरोपातल्या एखाद्या खेड्यातून उचलून आणल्यासारखे तिचे रूप होते, आणि ते तसे असावे हाच बांधणाऱ्याचा हेतू होता. नोकरदार मध्यमवर्गाला शहराबाहेरच्या बंगल्याचे जे स्वप्न विकावयाचे, त्याची जाहिरात म्हणजे ती इमारत. हे मी तिच्या निंदेसाठी सांगत नाही, पण तिच्या आजच्या चाहत्यांपैकी पुष्कळांना ही गोष्ट अडचणीची वाटते आणि ते ती हळूच दोन वाक्यांत उरकून टाकतात, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. ही इमारत जन्मतः लोकांची नव्हती. जमिनीच्या दलालाने गळाला लावलेले ते आमिष होते.

आणि मासा लवकर लागलाही नाही. विद्यापीठाचा मुक्काम टप्प्याटप्प्याने १९२७ ते १९३० या काळात हलला, चुता इतो या विख्यात स्थपतीने रचलेले कानेमात्सु सभागृह १९२७ साली उभे राहिले, एक संगीत विद्यालयही आले. परंतु त्या दशकाच्या अखेरीस जपानावर आलेल्या मंदीत भूखंडांना उठाव नव्हता, आणि ४४ मीटरांच्या त्या राजमार्गावर बराच काळ गवताचेच राज्य होते. वस्ती झाली ती सावकाश, एकेका कुटुंबाने. १९३३ च्या डिसेंबरात युवराजाचा जन्म झाला, त्याच्या स्मरणार्थ गावातल्या मंडळींनी हमरस्त्याच्या दुतर्फा साकुराची झाडे लावली, आणि आज ज्या बहराच्या छायाचित्रांसाठी कुनिताची प्रसिद्ध आहे तो बहर कंपनीच्या नकाशात मुळीच नव्हता. वहिवाटीची सुरुवात मी येथून धरतो. ज्या क्षणी कोणी तरी विकत न घेतलेल्या जागेत, विकण्याचा हेतू मनात न ठेवता झाड लावतो, त्या क्षणी दलालाचा हक्क पातळ होऊ लागतो.

तिची दुसरी पायरी १९५० नंतरची. शेजारच्या ताचिकावाला पूर्वी जपानी लष्कराचा विमानतळ होता, तो युद्धानंतर अमेरिकन फौजांकडे गेला होता. कोरियात लढाई पेटताच त्या तळावर सैनिकांची वर्दळ वाढली आणि त्यांच्या पैशावर चालणारी मद्यगृहे व कुंटणखाने शेजारच्या कुनिताचीतही शिरू लागले. त्या वेळी नुकतेच खेड्याचे नगर झालेल्या या गावात मोठी फूट पडली. व्यापार वाढतो तर वाढू द्यावा, असे म्हणणारा पक्ष काही थोडाथोडका नव्हता. आणि पोटापाण्याची भाषा बोलणाऱ्यांना अनीतीचे समर्थक ठरवणे हे सुखवस्तूंना नेहमीच सोपे जाते. तथापि रहिवासी, गृहिणी आणि विद्यार्थी यांच्या चळवळीने शेवटी बाजी मारली, आणि १९५२ च्या जानेवारीत या भागाला शैक्षणिक क्षेत्राचा कायदेशीर दर्जा मिळून तसले धंदे तेथे निषिद्ध झाले. विद्यानगर हे जे पूर्वी विक्रीपत्रकातले विशेषण होते, ते आता लोकांनी भांडून मिळवलेले बंधन झाले. पुढच्या सर्व कज्ज्यांचे बीज याच विजयात आहे.

त्यानंतरची पन्नास वर्षे स्टेशनाच्या दृष्टीने घटनाशून्य म्हणावयास हरकत नाही, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. रोज सकाळी तांबड्या छपराखालून शिंजुकूकडे जाणारा कारकून, संध्याकाळी त्याच छपराखालून परतणारा. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला आलेला आणि पुढे तेथेच प्राध्यापक झालेला मुलगा. एवढाच त्या इमारतीचा इतिहास, आणि तो लिहून ठेवण्यासारखा कोणाला वाटला नाही. नगर १९६७ साली 'शी', म्हणजे शहर झाले. स्टेशनाच्या उत्तरेस, कोकुबुंजीच्या हद्दीत, रेल्वेची तांत्रिक संशोधनसंस्था १९५९ साली येऊन बसली. शिंकान्सेनच्या संशोधनाचे केंद्र ते हेच, आणि त्या गाडीच्या गौरवार्थ तेथील वस्तीला 'हिकारी' हे तिचे नाव मिळाले. मुंबई ते अहमदाबाद या नियोजित मार्गासाठी आपण जे तंत्र जपानकडून घेत आहोत त्याचा एक उगम अशा या लाकडी स्टेशनाच्या पाठीमागे आहे, ही गंमत जाता जाता नोंदवून ठेवतो. तिच्यातून अधिक काही काढण्याचा माझा विचार नाही.

चुओ मार्गावर गाड्या इतक्या वाढल्या की, मिताका आणि ताचिकावा यांच्या दरम्यान रस्त्यांवरची फाटके गर्दीच्या वेळी जवळजवळ कायमची बंद राहू लागली. 'न उघडणारी फाटके' असे त्यांना लोक म्हणत. तेरा किलोमीटरांचा मार्ग उंचावर नेऊन अठराही फाटके काढून टाकण्याचे काम निघाले आणि ते २०१० साली तडीस गेले. लोकहिताच्या दृष्टीने या योजनेवर बोट ठेवावयास जागा नाही. रुग्णवाहिका फाटकाशी अडकून पडणे हे कोणत्याही छपराच्या सौंदर्यापेक्षा मोठे दुःख आहे. पण उन्नत मार्गाच्या वाटेत जुनी इमारत येत होती. ती अखंड उचलून बाजूला सरकवावी आणि काम झाल्यावर परत आणावी, ही युक्ती जपानी सुतारांना अवगत आहे आणि नगरपालिकेने ती सुचवलीही. परंतु त्या खर्चाची तरतूद नगरसभेने फेटाळली. भावना होती, मते नव्हती. अखेर २००६ च्या ऑक्टोबरात इमारत उलगडण्यात आली.

उलगडण्यात आली, पाडण्यात आली नाही. आणि या कथेतले खरे शहाणपण या फरकात आहे. एकेक खांब, एकेक तुळई उतरवून कोठारात ठेवण्यात आली, आणि त्याच सुमारास नगरपालिकेने त्या इमल्याला आपल्या अधिकारात सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. इमारत उभी नसताना तिला वारसा ठरवणे हा वरवर पाहता कागदी घोडा वाटेल. त्याचे महत्त्व पुढे कळले.

याच वर्षी कुनिताचीचा आणखी एक कज्जा निकालात निघाला. विद्यापीठाच्या हमरस्त्यालगत एका बांधकाम कंपनीने चौदा मजल्यांची, सुमारे ४४ मीटर उंचीची सदनिकांची इमारत उभारावयास घेतली होती. रस्त्यावरच्या झाडांच्या उंचीहून वर काही जाऊ नये हा तेथला अलिखित दंडक. नगरपालिकेने घाईने २० मीटरांची मर्यादा घातली, रहिवासी न्यायालयात गेले, आणि २००२ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २० मीटरांच्या वरचा भाग पाडून टाकण्याचा अभूतपूर्व हुकूम दिला. वरच्या न्यायालयात तो फिरला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांविरुद्ध निकाल देताना इतके मात्र मान्य केले की, एखाद्या सुंदर परिसरात राहणाऱ्यांचा त्या परिसराच्या दृश्यात कायद्याने रक्षणीय असा हितसंबंध असू शकतो. पुढे नगरपालिकेला त्या कंपनीस द्याव्या लागलेल्या भरपाईचा बोजा तत्कालीन महापौर हिरोको उएहारा यांच्यावर वैयक्तिकरीत्या टाकण्यात आला, आणि तो नागरिकांनी वर्गणी काढून फेडला. मी कायदेपंडित नाही. पण न्यायालयाने मान्य केलेला तो हितसंबंध आणि वहिवाट यांचे नाते जवळचे आहे असे मला वाटते. दोन्ही हक्क डोळ्यांनी आणि पायांनी मिळवलेले आहेत, पैशाने घेतलेले नाहीत.

आता त्या कोठारातल्या लाकडांकडे वळतो. नव्या उन्नत स्टेशनाच्या समोरची जागा रेल्वे कंपनीकडून नगरपालिकेने विकत घेतली, देशभरातून देणग्या मागवल्या, आणि जवळजवळ जुन्या जागीच इमारत पुन्हा उभारावयाचे ठरवले. येथे अग्निसुरक्षेचा कायदा आडवा आला. भर वस्तीत लाकडी इमारत नव्याने बांधण्यास त्याची मनाई आहे. पण वारसा ठरलेल्या वास्तूला त्या कायद्यातून सूट मिळू शकते, आणि २००६ सालच्या कागदी घोड्याने येथे खरी दौड केली. २०२० च्या एप्रिलाच्या आरंभी तांबडे छप्पर पुन्हा लोकांसाठी खुले झाले. लगेचच साथीमुळे टोकियोत आणीबाणी जाहीर झाली.

यासमोर दुसरे उदाहरण ठेवल्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही. टोकियोतले याहून जुने लाकडी स्टेशन म्हणजे १९२४ सालचे हाराजुकू. कीर्तीने ते कुनिताचीच्या शतपट. जगभरचे प्रवासी त्याची छायाचित्रे घेत. कुनिताची पुन्हा उघडण्याच्या आदल्याच महिन्यात ते बंद झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टात पाडावयास घेतले. कारण कोणते, तर तीच अग्निसुरक्षा. पुढे त्याच्यासारखेच बाह्यरूप पुन्हा बांधू असे रेल्वे कंपनीने आश्वासन दिले. एकच कायदा, एकच लाकूड, एकच महानगर. एका ठिकाणी तो कायदा पाडण्याचे कारण झाला आणि दुसऱ्या ठिकाणी तो ओलांडण्याची वाट एका ठरावाने आधीच काढून ठेवली होती. हाराजुकूवर प्रेम करणाऱ्यांची संख्या मोठी असेल, पण ते सारे वाटसरू होते. त्यांच्या प्रेमाला दप्तर नव्हते. कुनिताचीचे लोक थोडे, पण ते करदाते होते, मतदार होते, कंटाळवाण्या सभांना वर्षानुवर्षे जाऊन बसणारे होते. जुन्या वास्तू हळहळीने वाचतात अशी आपल्या वृत्तपत्री लेखकांची जी समजूत दिसते, तिला या दोन स्टेशनांची जोडी हे माझे उत्तर आहे.

मात्र कुनिताचीकरांशी माझा एक मतभेद आहे, आणि तो किरकोळ नाही. इमारत परत उभारताना तिला १९२६ सालचे, म्हणजे पहिल्या दिवसाचे रूप द्यावयाचे ठरले. मधल्या काळात झालेल्या वाढी आणि फेरफार त्यासाठी गाळण्यात आले. पुरातत्त्वाच्या शास्त्रात याला आधार असेल. पण पहिल्या दिवशीची ती इमारत कोणाची होती? ती हाकोने भूमी कंपनीची होती, रिकाम्या माळावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारी. जी लोकांची झाली ती ऐंशी वर्षे झिजलेली, तिकिटांची यंत्रे आणि स्वयंचलित फाटके अंगावर घेतलेली, सोयीसाठी इकडे तिकडे ठिगळे लावलेली इमारत. वहिवाटीचा दावा लोकांनी जिंकला आणि मग आदबीने मूळ मालकाचा दाखला चौकटीत लावला, असा काहीसा हा प्रकार झाला आहे. शिवाय आज त्या छपराखालून कोणी गाडीला जात नाही. तेथे प्रदर्शन आहे, माहितीचे टेबल आहे, बसावयास जागा आहे, आणि गाडी मागच्या पुलावरून जाते. रोजच्या गर्दीने जो हक्क मिळवला त्याला जिवंत ठेवावयास रोजची गर्दीच लागते, सहलीची नव्हे.

यावर दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, नवे स्टेशन आणि जुनी इमारत यांमधली पायवाट अशी आखावी की, सकाळी गाडीला धावणाऱ्याला जुन्या इमारतीतून जाणेच जवळचे पडेल. दुसरी, पुढच्या दुरुस्तीच्या वेळी आतली निदान एक भिंत २००६ सालची करावी: तीच यंत्रे, तेच सूचनाफलक, तोच रंग. फुजिमी रस्त्यावर २०२४ साली दहा मजल्यांची एक जवळजवळ पुरी झालेली इमारत, ती फुजीचे दर्शन झाकते म्हणून, घरांचा ताबा देण्याच्या तोंडावर तिच्याच कंपनीने आपण होऊन पाडावयास घेतली. ज्या गावात असे घडू शकते त्या गावाला एक भिंत जड जाऊ नये.